हरिभाऊंची सनद

हरिभाऊ सोवनींना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले होते. म्हणजे अगदी अक्षरशः. मांडवीला बंदराच्या वाटेवर माझं दोरखंडाचं आणि शिडाच्या कापडाचं दुकान होतं. त्याच्या पडवीतल्या बाकावर तळहात मांडीखाली दाबून ते बसले होते. समोर किराणावाला वामनशेट होता, हातात टाक, कपाळावर घाम आणि पुढ्यात इन्कमटॅक्सचा फारम. वामनशेट काकुळतीला येऊन म्हणत होता, "मास्तर, तुमीच लिवा ना. तुमांला दोन मिन्टाचां काम."

"माझे हात मोकळे नाहीत, वामनशेट. दिसत नाही काय?"

"मग काडा की भायेर."

"काढले तर लिहितील. शिंचे कारकुनाचे हात आहेत, त्यांना दुसरं येतंय काय? तुम्ही लिहा. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घाला. ते तरी तुमचंच आहे ना, की तेही उधार आणलंत?"

वामनशेटला नाव घालायला बराच वेळ लागला. पण घातलं ते त्यानेच.

हरिभाऊ शाळामास्तर कधीच नव्हते. आयुष्यभर कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघालेले गृहस्थ. पण सगळी मांडवी त्यांना मास्तर म्हणायची, कारण ते शिकवायचे. उंच, थोडे वाकलेले, वैशाखातसुद्धा काळा कोट गळ्यापर्यंत बंद. हातात बारमाही छत्री, फक्त ऐन पावसात ती कुठेतरी विसरून येत आणि मग आमच्या दुकानात ओलेचिंब उभे राहून म्हणत, "छत्रीला माझा कंटाळा आला हो." तपकीर ओढत आणि शिंक आली की बोलणं जिथे तुटलं असेल तिथूनच नेमकं पुढे सुरू करत. फणसावर टिचकी मारून तो कापा की बरका, पिकायला किती अवकाश आहे, हे सांगण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. घरी चार मुली. त्यातल्या तिघी उजवायच्या होत्या. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे लोकांनी त्यांच्या वतीने हीच सबब सांगितली, आणि ती खोटी नव्हती.

पूर्वी टॅक्स म्हणजे बड्या वकिलांचं आणि जहाजवाल्यांचं दुखणं होतं. पण तीस सालानंतर सरकारने मर्यादा खाली आणली आणि आमच्यासारख्या चिल्लर दुकानदारांच्याही दारात नोटिसा येऊन पडल्या. नोटीस इंग्रजीत, सोबतचा फारम मराठीत पण सरकारी भाषेतला, आणि आम्ही सगळे मराठी चौथी-पाचवीच्या अलीकडे-पलीकडे घुटमळलेले. पट्टेवाला दारात दिसला की घरातली माणसं आधी देवाला नमस्कार करत. या भीतीवर चार-सहा दलाल गबर झाले होते. बंदरावर, कचेरीच्या पायऱ्यांवर, खानावळीत, जिथे घाबरलेला माणूस भेटेल तिथे ते गाठायचे. "साहेब भडकलाय. कोऱ्या फारमावर सही कर, बाकी मी बघून घेतो." माणूस सही करायचा. मग दलाल वाटेल ते लिहायचा, साहेबाच्या नावाने वेगळे पैसे काढायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर व्हायचा.

हरिभाऊंना या लोकांची मनस्वी चीड. ते म्हणायचे, "सही म्हणजे आपलं मुंडकं. कापून दुसऱ्याच्या हातात देण्याआधी निदान कुठे नेतोय ते तरी विचारावं."

दर अमावास्येला त्यांचा वर्ग भरे. अमावास्येला आमच्याकडे कोणी नवा सौदा करत नाही, होड्याही बहुधा किनाऱ्यावर, म्हणून तो दिवस. जागा माझी पडवी. फी नाही. कोणी नारळ आणला तर ते तो तिथेच फोडायला लावत आणि सगळ्यांना वाटत. दुकानाचा खर्च कुठला आणि घरचा कुठला हे त्यांनी आम्हाला अशा भाषेत शिकवलं की विसरणं शक्य नव्हतं. "गूळ दुकानात विकलात तर तो धंदा. घरी नेऊन पुरणात घातलात तर तो सण. बायकोला लुगडं आणलंत तर ते तिने नेसायचं, सरकारला नेसवायचं नाही." एकदा एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं, होडी वर ओढायला हात लावला की जी मासळी मिळते, ती मिळकतीत धरायची काय? आमच्या मांडवीत ही जुनी रीत. होडी लागली की जो कोणी जवळ असेल, हात लावेल, उपयोगी पडेल, त्याला मूठ-पसा मासळी मिळते. तिला मजुरी म्हटलं तर देणाऱ्याला राग येतो. हरिभाऊ स्वतः मासळीला न शिवणारे. पण ते ताठ झाले आणि म्हणाले, "ती मिळकत नव्हे, ती माणुसकी. दर्याने दिली, दर्याजवळ उभा होता त्याने घेतली. सरकारचा त्यात वाटा नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. तांडेल तर दिवसभर ते वाक्य जो भेटेल त्याला ऐकवत फिरला.

संगमेश्वरच्या एका सुपारीवाल्याची गोष्ट तर जिल्हाभर झाली होती. दलालाने त्याच्या कोऱ्या फारमावर त्याच्या नावाने चक्क एक मचवा लावून दिला होता. कुणा दुसऱ्याची मिळकत झाकायची असेल, म्हणून ती याच्या गळ्यात. टॅक्सवाल्या साहेबांचा मुक्काम तेव्हा डाक बंगल्यावर होता. सुपारीवाला रडत हरिभाऊंकडे आला आणि हरिभाऊ त्याला घेऊन बंगल्यावर गेले. मीही गेलो होतो. दाराशी हरिभाऊ म्हणाले, "आत तू बोलायचंस."

"मी? मना काय बोलता येतां मास्तर?"

"खरं बोलता येतंय ना? तेवढंच बोल."

आत साहेबांनी मचव्याचं विचारलं. सुपारीवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, मचवा माजा न्हवं. मना पाण्याचां लय भ्याव. मी बाव नदी पन तरीत डोळे मिटून उतरतो." कारकुनाने ते इंग्रजीत सांगितलं आणि साहेब हसले. चौकशी होऊन मचवा त्याच्या नावावरून उतरला. बाहेर आल्यावर त्याने हरिभाऊंचे पाय धरले तर ते खेकसले, "माझे कसले धरतोस? तोंड तुझं होतं."

असा माणूस. मी त्याच्यावर किती जीव टाकला असेल ते आता सांगायलाही लाज वाटते.

वर्गात अगदी पुढे बसायचा तो सखाराम. खलाशी होता. मचव्याची डोलकाठी पायावर पडून गुडघ्याखाली पाय कायमचा गेला होता. तीस-बत्तिशीचा गडी, घरी बायको, दोन पोरं, आणि दर्यावर जाणं बंद. कुबडीवर रेलून दिवसभर बंदरावर बसलेला असायचा. कुणीतरी गमतीने त्याला वर्गाला आणला, आणि तो आलाच. तीन यत्ता झाल्या होत्या, अक्षर मात्र जन्मजात मोत्यासारखं. हरिभाऊ त्याच्यावर लुब्ध झाले. आपला जुना टाक त्यांनी त्याला दिला. "सख्या, तुझा पाय गेला पण हात काय आहे रे मेल्या!" असं भर वर्गात म्हणाले. वर्ग सुटल्यावर त्याला वेगळा बसवून घेत, नमुन्याचे फारम भरून घेत, चुकलं की कुबडीवर छत्री आपटत. दीड-दोन वर्षांत सखाराम असा तयार झाला की खलाशी, कोळी, भाजीवाले, बंदरावरचे हॉटेलवाले, ज्यांना अमावास्येपर्यंत दम नसे, ते त्याच्याकडे जायला लागले. तो त्यांना वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, लिहून द्यायचा. पैसे मागायचा नाही. कुणी तांदूळ द्यायचा, कुणी नारळ, होडीवाले मासळी. त्याची चूल त्यावर पेटत होती. हरिभाऊ येता-जाता उभे राहून बघत आणि मला म्हणत, "हे खरं पेन्शन. नाही काय?"

मग हरिभाऊंच्या डोक्यात सनदेचं आलं. म्हणाले, नुसतं शिकवून दलाल हटणार नाहीत. पैसे घेऊन सरकारी कागद लिहिणाऱ्याची सरकारने परीक्षा घ्यावी, पास होईल त्याला सनद द्यावी, बिनसनदी लिहील त्याला दंड करावा. मसुदा त्यांनीच केला आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मराठी सात यत्ता पास पाहिजे, कचेरीच्या कामाचा अनुभव पाहिजे, मोबदला घेणाऱ्या प्रत्येकाला लागू पाहिजे. आम्हाला वाटलं, हे सगळं दलालांसाठी. सगळ्यांत जोरात मान हलवली ती सखारामने. सह्यांसाठी मी स्वतः पायपीट केली, होडीने जाऊन पार हेदवीपर्यंत फिरलो. तिथल्या एका खोतांनी सही करताना विचारलं, "सनद मिळाल्यावर तो मनुष्य तसाच राहील कशावरून?" मी चिडून म्हटलं, "तुम्ही हरिभाऊंना ओळखत नाही." ते म्हणाले, "नाही बुवा. म्हणून तर विचारतो." आणि सही केली.

एक-दोन वर्षांनी तसा हुकूम निघाला. परीक्षा झाली. हरिभाऊ पास झाले, दलाल सगळे आपटले. त्या दिवशी मांडवीत पेढे वाटले आम्ही. हरिभाऊंनी घराच्या ओटीवर पाटी लावली, शिक्का करून आणला. माझ्या दुकानात येऊन त्यांनी तो शिक्का माझ्याच वहीच्या कोऱ्या पानावर उमटवून दाखवला आणि लहान मुलासारखे हसले. तो हसरा चेहरा मला अजून आवडतो. काय करू?

पुढच्या अमावास्येला वर्ग झाला. त्याच्या पुढच्या अमावास्येला मास्तरांना काम होतं. मग त्यांची तब्येत बरी नव्हती. मग वामनशेटने ओटीवर जाऊन विचारलं तर म्हणाले, "आता वर्ग कशाला हो? सगळं कायद्याने रीतसर झालंय. तुम्ही आपले कागद घेऊन या, मी लिहितो."

"पन मास्तर, मना येतां आता लिवायला."

"येतंय तेवढं पुरे नाही. नवे नियम आहेत. चुकलात तर निस्तरणार कोण?"

वामनशेट आमच्याकडे आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "मास्तर मना भ्याव घालतत." आम्ही त्यालाच वेड्यात काढला.

पण लोक घाबरले, आणि घाबरलेली माणसं ओटीवर जायला लागली. हरिभाऊंचे हात आता मांडीखाली नव्हते. एका हाताने लिहीत, दुसऱ्याने शिक्का मारीत आणि फी घेत. फारम फिरवून समोरच्यापुढे ठेवत आणि बोटाने जागा दाखवत, "इथे करा." वाचून दाखवायला वेळ नसे, गर्दी फार. राहिलेल्या तिघींपैकी दोघींची लग्नं पुढच्या दोन वर्षांत झाली आणि चांगल्या घरी झाली. जेवायला आम्ही सगळे होतो.

बंदरावर मात्र सखाराम बसतच होता. तो वाचून दाखवायचा, म्हणून गरीब माणसं त्याच्याकडेच जायची. हरिभाऊंच्या ओटीवरचे काही लोकही परत तिकडे वळले.

आणि एक दिवस सखारामला मामलेदार कचेरीतून बोलावणं आलं. बिनसनदी लेखन केल्याची तक्रार. तक्रारदार हरिभाऊ सोवनी, सनदी लेखक.

माझा विश्वास बसला नाही. मी धावत ओटीवर गेलो. ते लिहीत होते. म्हटलं, "हरिभाऊ, हे काय मांडलंत? तो तुमचा सख्या आहे."

त्यांनी टाक खाली ठेवला नाही. "अरे, नियम आपणच मागितला. सह्या तूच गोळा केल्यास. आता पाळायला नको?"

"तो दलाल आहे काय?"

"नियमाला माणूस दिसत नाही, आणि दिसूही नये. त्याला म्हणावं परीक्षेला बस."

"तीन यत्ता झालेला माणूस बसणार कसा? सातवीची अट तुम्हीच घातलीत."

"मग मी काय करू?" असं म्हणून त्यांनी तपकिरीची डबी उघडली. त्यांना शिंक आली आणि या खेपेला त्यांनी तुटलेलं बोलणं पुढे चालू केलं नाही.

चौकशीच्या दिवशी कचेरीत मांडवी लोटली होती. सखाराम कुबडीवर उभा होता. घाबरलेला नव्हता. खरं बोलायचं, एवढं त्याला शिकवलेलं होतं. मामलेदारांनी विचारलं, "पैसे घेतोस?"

"नाय साहेब. पैशाला हात नाय लावलो कदी."

मामलेदार भला माणूस. त्यांना यात फार काही दिसत नव्हतं. तक्रार काढून टाकायच्या बेतात असावेत, तेवढ्यात हरिभाऊ उठले. म्हणाले, "मोबदला म्हणजे नुसते पैसे नव्हेत, रावसाहेब. याला मासळी मिळते. रोज मिळते."

मामलेदारांनी समोरच्या गर्दीत पाहिलं. म्हातारा तांडेल उभा होता, त्याला विचारलं, "तुम्ही याला मासळी दिलीत काय?"

आता 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण मांडवीच्या माणसाला, तू कुणाला रिकाम्या हाताने पाठवलंस काय, असं विचारल्यासारखं ते होतं. तांडेलाने छाती काढली. "दिली तर! येवढां लिवून दिलान त्यानं, त्येला काय रित्या हातान घालवू? आमी काय तसली मानसां न्हवं साहेब. म्या दिलंय, माज्या भावान दिलंय. इचारा कोनालाबी!" आणि मागून आणखी चारजण ओरडले, "आमीबी दिलांव!" सखारामची अब्रू राखायला आलेली माणसं होती ती. एकेकाने हात वर करून त्याला बुडवला. कोणाला कळेचना की आपण काय करतोय. मला कळत होतं, पण मी कोणाकोणाचं तोंड धरणार? मी हरिभाऊंकडे बघत राहिलो. माणुसकी म्हणजे काय ते यांनीच सांगितलं होतं ना? ते खिडकीतून बाहेर बघत होते.

मामलेदारांनी नाइलाजाने लिहायला घेतलं. मध्येच थांबून सखारामला म्हणाले, "हे सगळं तुला शिकवलं कोणी?"

सखारामचा चेहरा उजळला. "मास्तरांनी, साहेब. ह्ये काय, हितंच हायत." आणि त्याने अभिमानाने हरिभाऊंकडे हात केला.

मामलेदारांनी हरिभाऊंकडे पाहिलं. "तुमचा शिष्य आहे?"

हरिभाऊंनी उपरण्याने चष्मा पुसला. म्हणाले, "वर्गाला पुष्कळ येत असत. सगळ्यांची तोंडं लक्षात राहत नाहीत."

सखारामचा हात तसाच वर राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि कुबडीवर ठेवला.  मी आयुष्यात व्यवहारात पुष्कळदा फसलो आहे, भागीदाराने फसवलं, भावाने फसवलं. पण खरा फसलो तो त्या एका वाक्याने. कुंपणानेच शेत खाल्लं एवढंच असतं तर मी समजून घेतलं असतं. चार मुलींच्या बापाला कोणीही समजून घेईल. पण तोंड लक्षात नाही?

दंड आम्ही वर्गणी काढून भरला. पण सखारामला बंदरावर बसून लिहायची मनाई झाली, ती काही वर्गणीने उठणार नव्हती. चार महिने त्याने जाळी विणून पाहिली. भागेना. मुंबईला त्याचा मेहुणा एका गोदामात होता. तिथे रखवालदारीचं जमतंय असं त्याने कळवलं. बसून करायचं काम होतं, पायाचा प्रश्न नव्हता.

तो निघाला त्या दिवशी मी बंदरावर गेलो होतो. बोट लांब उभी होती. उतारू पडावातून जात होते. टॅक्सवाले साहेबही त्याच बोटीने परत चालले होते, आणि त्यांना पोचवायला हरिभाऊ आले होते. काळा कोट, छत्री, हातात आंब्यांची करंडी. साहेबांचा पडाव सुटला. हरिभाऊ वळले तर समोर सखाराम, कुबडी, बोचकं, बायकोपोरं. मला वाटलं, ते नजर चुकवून जातील. तेवढं जरी केलं असतं तरी मी मनात कुठेतरी त्यांना जागा ठेवली असती.

सखारामने कुबडी बायकोकडे दिली, एका पायावर तोल सावरत वाकला आणि त्यांच्या पायाला हात लावला. "येतंय मास्तर."

"औक्षवंत हो." हरिभाऊ जवळ सरकले. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ सख्या, मुंबईत आपल्या मांडवीची माणसं पुष्कळ आहेत. इथल्या मिळकतीचं कुणाचं काही लिहून घ्यायचं असेल तर माझं नाव सांग हो. विसरू नको."

"सांगन की मास्तर. तुमचांच सांगन."

त्यात टोमणा असेल म्हणून मी सखारामच्या तोंडाकडे पाहिलं. नव्हता.